मुलाला शिकवणारे शिक्षक पात्र आहेत का? तो कागद कुठे असतो आणि कसा मागायचा

शाळेत नाव घालताना आपण इमारत पाहतो, फी विचारतो, बसची वेळ विचारतो. तिसरीला गणित कोण शिकवतं आणि त्यांचं शिक्षण काय, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही. विचारलंच तर मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी पडते. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेतल्या शिक्षकाची पात्रता कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदावर लिहिलेली असते. तो कागद कोणत्या नावाने ओळखला जातो आणि कोणाच्या कपाटात असतो, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अमेरिकेत केंद्रीय निधी घेणाऱ्या शाळांना दरवर्षी पालकांना कळवावं लागतं की, तुम्ही शिक्षकांची पात्रता विचारू शकता. सलग चार आठवडे किंवा जास्त काळ अपात्र शिक्षक वर्गावर असेल, तर तेही शाळेने स्वतःहून सांगायचं असतं. आपल्याकडे असं एका ओळीचं कलम नाही. आपला हक्क शिक्षण हक्क कायदा २००९, माहिती अधिकार कायदा २००५ आणि शुल्क नियमनाचा राज्याचा कायदा २०११ अशा तीन ठिकाणी विखुरलेला आहे. म्हणून तो वापरायचा क्रम महत्त्वाचा.

शाळा नेमकी कुठल्या गटातली?

‘शाळा खाजगी आहे, तिला माहिती अधिकार लागू नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ते अर्धवट खरं आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या शाळांना कायदा थेट लागू. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात, म्हणून तीही सार्वजनिक प्राधिकरण ठरते. वीस, चाळीस, साठ, ऐंशी टक्के अशा टप्प्यांवर असलेल्या अंशतः अनुदानित शाळांकडेही थेट अर्ज करावा. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळेकडे मात्र थेट अर्ज चालत नाही. तिथे वाट शिक्षणाधिकारी कार्यालयातून जाते, ती पुढे येईल.

इथे एक खोच आहे. एकाच संस्थेच्या एकाच आवारात मराठी माध्यमाची अनुदानित प्राथमिक शाळा, इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा आणि माध्यमिक विद्यालय अशा तीन वेगळ्या शाळा असू शकतात. कमान एक, गणवेश एक, पण मान्यता वेगळी आणि यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, तोही वेगळा. चुकीच्या शाळेच्या नावाने अर्ज गेला की महिन्याने ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

म्हणून पहिलं काम यूडायस क्रमांक मिळवण्याचं. तो ११ अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), मग दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गाव किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. प्रगतिपुस्तकावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो बहुतेकदा छापलेला असतो.

घरबसल्या काय दिसतं

यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ असा विभाग आहे. नाव, पिनकोड किंवा यूडायस क्रमांक टाकला की शाळेचा पत्ता, व्यवस्थापन, माध्यम, पट आणि शिक्षकसंख्या दिसते. शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडलं की शिक्षकांचा तपशील आणखी फुटतो: नियमित किती, कंत्राटी किती, पदवीपेक्षा कमी शिकलेले किती, पदव्युत्तर किती, डी.एल.एड. किती, बी.एड. किती, अशैक्षणिक कामाला जुंपलेले किती.

हे रिपोर्ट कार्ड वाचताना तीन गोष्टी सांभाळा. ही माहिती शाळेनेच भरलेली असते. वरच्या कोपऱ्यातलं शैक्षणिक वर्ष आधी बघा, कारण दिसणारा आकडा गेल्या वर्षीचा असू शकतो. आणि इथे फक्त बेरजा असतात, ‘बी.एड. ७’ म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गावरच्या बाई त्या सातांत आहेत की नाहीत, हे कळत नाही. तरीही हा कागद छापून जवळ ठेवा. पुढे शाळेने दिलेली यादी आणि हे आकडे जुळले नाहीत, तर विचारायला नेमका मुद्दा मिळतो.

शाळा सीबीएसईची असेल तर काम सोपं आहे. मंडळाने प्रत्येक शाळेला स्वतःच्या संकेतस्थळावर ठरावीक नमुन्यात माहिती जाहीर करणं सक्तीचं केलं आहे. त्यात संलग्नतेचं पत्र, मान्यता प्रमाणपत्र, अग्निसुरक्षा प्रमाणपत्र, फीचा तपशील, दहावी-बारावीचे तीन वर्षांचे निकाल आणि शिक्षकांची वर्गवारी असते: पीजीटी (पदव्युत्तर शिक्षक) किती, टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) किती, पीआरटी (प्राथमिक शिक्षक) किती, समुपदेशक आणि विशेष शिक्षक आहेत का. संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ अशी कडी असते. तिथे तुकड्या मोजा आणि शिक्षक मोजा. मंडळाचा नियम दर तुकडीमागे दीड शिक्षक असा आहे. मुख्याध्यापक, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि समुपदेशक त्यात धरायचे नाहीत. २० तुकड्या असतील तर किमान ३० शिक्षक हवेत. कडी उघडतच नसेल किंवा कागद तीन वर्षांपूर्वीचे असतील, तर तेवढ्यावरही मंडळाकडे तक्रार करता येते.

शाळेत जाऊन विचारणं

माहिती अधिकाराचा अर्ज ही पहिली नव्हे, तिसरी पायरी. आधी मुख्याध्यापकांना एक पानी साधं पत्र द्या. भाषा मऊ ठेवा, मागणी नेमकी ठेवा: ‘माझा पाल्य इयत्ता अमुक, तुकडी अमुक मध्ये शिकतो. या तुकडीला शिकवणाऱ्या शिक्षकांची विषयवार नावे, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता कृपया कळवावी.’ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायची असते. त्या कलमाचा उल्लेख पत्रात करायला हरकत नाही, पण तिथे शिक्षकाची पात्रता लिहिलेली नाही, म्हणून त्याचाच आधार घेऊन भांडू नका.

पत्राच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर शाळेच्या ईमेलवर तेच पत्र पाठवा किंवा स्पीड पोस्टाने टाका. पोच नसलेलं पत्र कागदोपत्री दिलेलंच नसतं.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर पहिली ते आठवीसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. समितीचं काम शाळेच्या कारभारावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष हे आहे. शिक्षकांची रिक्त पदं आणि गैरहजेरी तिच्यासमोर यायलाच हवी. अल्पसंख्याक अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देते. समितीचे सदस्य कोण, हे निम्म्या पालकांना माहीत नसतं आणि काही सदस्यांनाही नसतं. इतिवृत्ताची वही फिरवून सह्या घेतल्या जातात. सदस्य कोण आहेत ते शोधा आणि त्यांना सांगा: पुढच्या बैठकीत संचमान्यता आणि रिक्त पदं हा विषय घ्या, आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

विनाअनुदानित शाळेत त्या समितीऐवजी पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. शुल्क नियमन कायद्यामुळे ती सक्तीची आहे आणि पालक प्रतिनिधी सोडत काढून निवडायचे असतात. फी किती असावी हे ठरवताना शिक्षकांची पात्रता आणि वेतन हे घटक विचारात घ्यायचे, असं हाच कायदा सांगतो. म्हणजे फीवाढीचा प्रस्ताव समितीपुढे येतो, तेव्हा ‘उच्चशिक्षित शिक्षकवर्ग’ या शब्दांमागची यादी मागणं हा आगाऊपणा नाही, तो त्या बैठकीचाच विषय आहे. पात्रता मागण्याची याहून चांगली वेळ वर्षभरात येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्त नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. पुष्कळ अर्ज इथेच मरतात. शिक्षकांची पात्रता, मैदान, फी आणि पोषण आहार हे सगळं एका अर्जात घातलं, तर जन माहिती अधिकारी नियमावर बोट ठेवतो आणि तो बरोबर असतो. दोन विषय असतील तर दोन अर्ज, दोन स्टॅम्प.

दुसरी चूक ‘का’ विचारण्याची. ‘अपात्र शिक्षक का नेमले?’ याला माहिती अधिकारात उत्तर नाही. माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद. कारण विचारणं तिच्यात बसत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून टाकलं आहे. जन माहिती अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवा तक्ता बनवावा अशी अपेक्षाही कायदा करत नाही. म्हणून मनातल्या प्रश्नाऐवजी कपाटातल्या कागदाचं नाव लिहा. ती नावं अशी.

संचमान्यता: पटानुसार शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, किती भरलेली, किती रिक्त, किती अतिरिक्त. सेवाज्येष्ठता यादी: खाजगी शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ही ठेवावीच लागते, सहसा तीत नाव, अर्हता आणि नियुक्तीची तारीख एका ओळीत असते. वैयक्तिक मान्यता आदेश: अनुदानित शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेली मान्यता. वर्ग व विषय वाटप, म्हणजे शाळेचं वेळापत्रक: कोण कुठला विषय शिकवतो, ते फक्त इथेच कळतं.

नमुना असा:

‘विषय : … शाळा, यूडायस क्र. २७… येथील शिक्षकांची अर्हता. कालावधी : शैक्षणिक वर्ष २०२५-२६.
१) शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीची प्रत. २) संचमान्यतेची प्रत. ३) इयत्ता पहिली ते आठवीच्या वर्ग व विषय वाटपाची (वेळापत्रकाची) प्रत. ४) शिक्षकांच्या वैयक्तिक मान्यता आदेशांच्या प्रती. ५) शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी / सीटीईटी) उत्तीर्ण असल्याबाबत कार्यालयात उपलब्ध नोंदीची प्रत.
जन्मदिनांक, जात, निवासी पत्ता, दूरध्वनी, आधार क्रमांक व वेतन हा तपशील वगळून प्रती द्याव्यात.’

शेवटचं वाक्य कापू नका. ते या अर्जाचं चिलखत आहे. नकार येतो तो बहुधा कलम ८(१)(ञ) खाली, कार्यालयात ज्याला ‘आठ-एक-जे’ म्हणतात: वैयक्तिक माहिती. कर्मचाऱ्याच्या सेवा-अभिलेखातला बराचसा भाग वैयक्तिक असतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने केलेल्या बदलामुळे नोव्हेंबर २०२५ पासून हे कलम आणखी आखडलं आहे. उरलंय ते कलम ८(२): व्यापक सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते. म्हणून एका शिक्षकाचं नाव घेऊन त्यांची गुणपत्रिका मागू नका. अख्ख्या शाळेची, पदानुसार अर्हता मागा. एका व्यक्तीमागे लागलेला अर्ज आणि शाळेबद्दलचा अर्ज यांतला फरक अधिकाऱ्यालाही दिसतो आणि पुढे अपिलातही. नावांवरच अडून बसले, तर ‘नावे झाकून, पदनाम व अर्हता द्यावी’ अशी तडजोड लेखी सुचवा. कलम १० प्रमाणे भाग वगळून बाकीची माहिती देता येते.

विनाअनुदानित शाळेसाठी हाच अर्ज जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) किंवा (माध्यमिक) यांच्या कार्यालयात द्यायचा. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी विभागाचे शिक्षण निरीक्षक, प्राथमिकसाठी महानगरपालिकेचा शिक्षण विभाग. आधार कलम २(च): खाजगी संस्थेकडची जी माहिती सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याखाली मागवू शकतं, तीही माहितीच. इथे मागायचा मुख्य कागद एकच, पण सोन्यासारखा आहे: शिक्षण हक्क कायद्याखालच्या मान्यतेसाठी शाळेने भरलेला ‘नमुना १’, म्हणजे स्वयंघोषणापत्र. त्यात शिक्षकांचा तक्ता असतो: शैक्षणिक अर्हता, व्यावसायिक अर्हता, अनुभव, नेमून दिलेला वर्ग, नियुक्तीची तारीख, प्रशिक्षित की अप्रशिक्षित. सोबत ‘नमुना २’, म्हणजे मान्यता प्रमाणपत्र, तेही मागा आणि त्यावरची मुदत वाचा. मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवल्यास रोज १० हजारांपर्यंत, अशी तरतूद कलम १८ मध्ये आहे. नमुना १ शाळेने सहीनिशी दिलेला असल्यामुळे, त्यातलं नाव आणि प्रत्यक्ष वर्गावरची व्यक्ती वेगळी निघाली तर शाळेला ‘टंकलेखनातली चूक’ म्हणून सुटता येत नाही.

अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर हवं. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. प्रतींचा दर पानाला २ रुपये. मुदत उलटली तर माहिती मोफत. पानं फार असतील तर प्रती मागण्याऐवजी अवलोकन मागा: बसून फाइल बघा, हव्या त्या पानांना खूण करा, तेवढ्याच प्रती घ्या. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. तिथल्या कारकुनाला तो माहीत नसेल, तर छापील प्रत सोबत न्या.

यादी हातात आली. आता ती वाचायची कशी

इथे घाई झाली की चांगल्या शिक्षकावर विनाकारण आळ येतो. यादीतला प्रत्येक शिक्षक त्याच्या नियुक्तीच्या दिवशीच्या नियमाने तपासायचा, आजच्या नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची २३ ऑगस्ट २०१० ची अधिसूचना हा पाया. पहिली ते पाचवीसाठी बारावी ५० टक्क्यांनी आणि दोन वर्षांची पदविका. ही पदविका जुन्या यादीत डी.एड., मधल्या काळात डी.टी.एड. आणि आता डी.एल.एड. अशी दिसेल, नाव बदललं, वस्तू तीच. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि ती पदविका, किंवा ५० टक्क्यांनी पदवी आणि बी.एड. दोन्हीकडे शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. प्रत्येकी १५० गुण, पास व्हायला ६० टक्के. राज्याच्या टीईटीत आरक्षित प्रवर्गांना ५५. प्रमाणपत्राची पूर्वीची सात वर्षांची मुदत आता राहिलेली नाही, ते कायमचं आहे. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयात पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

आता एक ओळ जवळून पाहू. समजा यादीत असं आलं: ‘सहशिक्षक, बी.ए., बी.एड., नियुक्ती जून २०१६, वर्ग इयत्ता तिसरी, टीईटी: पेपर दोन.’ वरवर पाहता पदवीही आहे, बी.एड.ही आहे, परीक्षाही पास. पण तिसरीसाठी पदविका आणि पेपर एक लागतो. बी.एड.वाल्यांना प्राथमिकची दारं २०१८ मध्ये उघडली गेली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली. म्हणजे हे शिक्षक सहावी-आठवीला भाषा किंवा सामाजिक शास्त्रे शिकवायला पात्र, तिसरीच्या वर्गावर नाहीत. यात दोष बहुधा त्यांचा नसतो. संस्थेने जागा भरण्यासाठी त्यांना तिथे बसवलेलं असतं.

दुसरी ओळ: ‘डी.एड., नियुक्ती १९९९, टीईटी: नाही.’ हे नियमबाह्य नाही, कारण नेमणूक झाली तेव्हा टीईटीच नव्हती. महाराष्ट्राने ती १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने सक्तीची केली. मात्र १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. पाचहून कमी वर्षं उरलेल्यांना सूट, पण बढती हवी तर टीईटी लागेल. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न त्याच निकालात मोठ्या पीठाकडे गेला, म्हणून त्या शाळांना हा नियम परस्पर लावू नका.

तिसरी: ‘शिक्षण सेवक’. हा शब्द पाहून पालक दचकतात. शिक्षण सेवक म्हणजे पूर्ण पात्र शिक्षक, पहिली तीन वर्षं मानधनावर. खरं सावध व्हायचं ते ‘तासिका तत्त्वावर’, ‘स्वयंसेवक’ किंवा कोरी जागा दिसली तर.

टीईटीच्या रकान्यात वर्ष असेल तर ते वाचा. २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि सात हजार आठशेच्या आसपास उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्या वर्षीचं प्रमाणपत्र म्हणजे खोटं, असं अजिबात नाही. पण पडताळणी झाली आहे का, हे शिक्षणाधिकाऱ्यांना विचारणं रास्त आहे. विनाअनुदानित शाळांत पडताळणीच होत नाही असंही घडतं.

सहावी ते आठवीला आणखी एक मोजणी करा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा आणि ३५ मुलांमागे एक. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. वेळापत्रक आणि सेवाज्येष्ठता यादी शेजारी ठेवली की, सातवीचं विज्ञान बी.ए. मराठी झालेले शिक्षक घेताहेत हे पाच मिनिटांत दिसतं. कागदावर सगळे पात्र, तरी विषयाला शिक्षक नाही, ही सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी गडबड.

आणि कागदावरचा शिक्षक वर्गात असतोच असं नाही. आपल्या जागी कमी पैशांत दुसऱ्याच कुणाला उभं करण्याचे प्रकार ग्रामीण भागात बोलले जात होते, म्हणून २०२२ मध्ये जिल्हा परिषद शाळांत ‘आपले गुरुजी’ नावाने शिक्षकांचे फोटो वर्गात लावण्याचा निर्णय झाला. फोटो आणि माणूस जुळतो का, हे मूलही सांगू शकतं.

शाळेची कामगिरी: फलकावरच्या शंभर टक्क्यांमागे

‘सलग पाचव्या वर्षी शंभर टक्के निकाल’ हा फलक जून महिन्यात चौकाचौकांत असतो. तो बहुधा खोटा नसतो. पण टक्केवारीचा छेद कुठे दिसतो? समजा एका शाळेत नववीचा पट ५८ होता. पुढच्या वर्षी दहावीला नियमित म्हणून ४१ बसले आणि ४१ पास झाले. निकाल शंभर टक्के. उरलेले १७ कुठे गेले? काही नववीत नापास, काहींनी गाव बदललं, आणि काहींना सांगितलं गेलं की तुम्ही १७ नंबरचा फॉर्म भरा. खाजगी विद्यार्थी म्हणून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या टक्केवारीत येत नाही. ५८ मधून ४१ म्हणजे ७१ टक्क्यांच्या जवळपास. गाव बदललेली मुलं वजा करून मग शाळेला बोल लावा, पण हा आकडा विचारल्याशिवाय फलकावर विश्वास ठेवू नका.

म्हणून स्वतंत्र अर्जात मागा: लागोपाठ तीन वर्षांचा ३० सप्टेंबरचा आठवी, नववी, दहावीचा पट, दहावीला प्रविष्ट नियमित विद्यार्थी, विषयवार निकालपत्रक. विषयवार पत्रकात लेखी ८० आणि अंतर्गत २० वेगळे बघा. वर्गातल्या प्रत्येकाला अंतर्गत १९ आणि लेखीत तिशीच्या आसपास, असं दिसलं की गुण कुठून आले ते कळतं.

शिष्यवृत्ती परीक्षेत ‘पात्र’ आणि ‘शिष्यवृत्तीधारक’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पात्र म्हणजे फक्त पास. धारक म्हणजे गुणवत्ता यादीत. शाळा जाहिरातीत पहिला आकडा लावते. बसले किती, तेही विचारा.

मुलं किती शिकली हे देशभर तपासणाऱ्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (नोव्हेंबर २०२१) आणि परख सर्वेक्षण (डिसेंबर २०२४) यांचे अहवाल जिल्ह्याचे आहेत, निवडक शाळांवर आधारलेले. ‘आमची शाळा परखमध्ये पहिली’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. शाळेच्या पातळीवरचं खरं चित्र राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांच्या गुणनोंदीत आणि तपासणी अहवालात असतं. विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुख शाळेत येऊन शेरेबुकात लिहून जातात: ‘इयत्ता चौथीच्या ९ मुलांना भागाकार येत नाही, उपाययोजना करावी.’ अशी एक ओळ कुठल्याही श्रेणीपेक्षा जास्त सांगते. दोन वर्षांची शेरेबुकाची पानं मागा आणि तोच शेरा पुन्हा आलाय का, ते बघा.

कामाचे दिवसही मोजा. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायलाच हवं.

उत्तर आलं नाही, किंवा नको ते आलं

३० दिवस उलटले की प्रथम अपील, ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, मुदत ३० दिवस. अपिलीय अधिकारी कोण, ते कार्यालयातल्या फलकावर असतं. नसेल तर ‘प्रथम अपिलीय अधिकारी’ एवढंच लिहून त्याच कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. सुनावणीला स्वतः जा. तिथे निम्मी प्रकरणं ‘माहिती आठ दिवसांत देतो’ यावर मिटतात. ते वाक्य आदेशात लिहून घ्या. तरी नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे ‘जोडपत्र क’, पुन्हा २० रुपये. तिथे तारीख लागायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच होता होईल तेवढं पदरात पाडून घ्यावं.

माहिती मिळाली आणि तिच्यात खोट दिसली, तर माहिती अधिकाराचं काम संपलं. आयोग शिक्षक बदलून देत नाही. पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी किंवा महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. त्यांनी सर्वांचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीत मागणी नेमकी लिहा: ‘इयत्ता सातवीसाठी विज्ञान विषयाचा पात्र शिक्षक उपलब्ध करून द्यावा.’ ‘कडक कारवाई करावी’ असं लिहिलं की फाइल चौकशी समितीकडे जाते आणि तोवर मूल दहावीत पोचतं.

तक्रारीवर शक्य असेल तर त्याच वर्गातल्या पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या. मुलाला त्रास होईल ही भीती खोटी नाही, आणि एकट्याचं नाव वर असलं की ती वाढते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र एकाच व्यक्तीच्या नावाने द्या, मूल दुसऱ्या शाळेत असलेल्या नातलगाच्या नावाने दिला तरी चालतो. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन अर्जदारावर नाही.